के. गर्णे

आमच्या इमारतीच्या दारात रहिवाशांच्या नावांची पाटी आहे. तिच्यावर तिसऱ्या मजल्यासमोर लिहिलंय, 'के. गर्णे'. या नावाचा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत नाही. मलकापुरात राहत नाही. उभ्या सातारा-सांगलीत कुठं सापडेल असंही मला वाटत नाही. तरी सोसायटीच्या हिशेबी हा माणूस चांगला जिवंत आहे. त्याच्या नावानं मीटिंगच्या नोटिसा निघतात, गणपतीत त्याला आरतीचा मान मिळतो, आणि एका संक्रांतीला तर 'सौ. गर्णे' यांना हळदीकुंकवाचं बोलावणंही जाऊन आलं. सौ. गर्णे त्याआधीच वारल्या होत्या, आणि त्याही गर्णे नव्हत्या.

ही करामत आमच्या चेअरमनची. जाधवकाका साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आमची इमारत चालवू लागले. पाटी रंगवायचा दिवस आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या जागी खुद्द मालक राहायला यायचा दिवस एकच निघाला. लिफ्ट बंद होती. टाकीत पाणी नव्हतं. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं होतं की वरचे वर आणि खालचे खाली. कपाटाच्या वरच्या अंगाला एक वाळकेसे गृहस्थ बनियनवर उभे होते. जाधवकाकांनी खालून हाक दिली, "काय हो, पाटीवर नाव काय टाकायचं?"

गृहस्थांनी कपाटाकडं पाहिलं, कपाळाचा घाम निपटला आणि म्हणाले, "के गर्ने!"

जाधवकाका रंगाऱ्याकडं वळले. "लिही. के, टिंब, गर्णे. णे बाणातला."

पुढं महिनाभर जाधवकाका त्यांना गाठून विचारत होते, "गर्णे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? कोकणातले का?" आणि ते दर वेळी तेच उत्तर देत होते. मीही एकदा विचारलं.

"तात्या, तुमचं आडनाव शिंदे ना?"

"व्हय. हणमंत शिंदे."

"मग पाटीवर गर्णे का?"

"के गर्ने!"

"तेच विचारतेय मी. कोण गर्णे?"

तात्या खोकत खोकत हसले. हसताना त्यांना खोकला यायचाच, आणि खोकला थांबेपर्यंत हसू विरून जायचं. मग म्हणाले, "नानी, ते नाव न्हवं गं. नेपाळी हाय. के गर्ने म्हंजी काय करनार. आता काय करनार, असं."

हे 'नानी'सुद्धा नेपाळीच. तिकडं लहान मुलीला मायेनं नानी म्हणतात. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, लग्नाला अजून नकार देते, आणि भर जिन्यात सत्तरीला टेकलेला माणूस मला आजी म्हणतो हे खालच्या बायकांना हसायला पुरून उरलं होतं.

तात्या खानापूर तालुक्यातले. आमच्याकडचा हा पूर्वेचा कोरडा पट्टा. तिथल्या माणसांनी पाऊस येत नाही म्हटल्यावर गलाईचा धंदा धरला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून, तेजाबात घालून शुद्ध करणं. सराफ पेठ असेल त्या गावात एखादा खानापूरवाला भट्टी पेटवून बसलेला असतोच. कुणी केरळात गेलं, कुणी पंजाबात. तात्या मिसरूड फुटायच्या वयात मामाचं बोट धरून काठमांडूला गेले, ते म्हातारे होऊनच परत आले. तेजाबाच्या धुरानं छाती खाल्ली. मुलानं दुकान कोईमतूरला हलवलं आणि वडिलांना मलकापूरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. "पप्पांना दवाखाना जवळ पाहिजे," म्हणाला. मला विचाराल तर फ्लॅटला राखणदार पाहिजे होता. मुलाचा फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "गॅलरीत पाणी झिरपतंय का अजून?"

धंद्याची एक सवय तात्यांच्या अंगात मुरली होती. केर म्हणून जे काही असेल ते टाकायचं नाही. सराफाच्या दुकानातल्या केरात सोन्याचा कण असतो, गलाईवाले तो केर विकत घेऊन त्यातून सोनं काढतात. त्यामुळं तात्या घर झाडल्यावर केर परातीत घेत, गॅलरीत उकिडवे बसत आणि बोटानं चाळत. कचरागाडीचं गाणं खाली वाजत राही आणि वरून हाक येई, "थांब रं गड्या, बघायचं ऱ्हायलंय!" गाडीवाला कपाळावर हात मारी.

"तात्या, तुमच्या घरात कुठलं आलंय सोनं?"

"न्हाईच. पर न बघता टाकायचं कसं?"

भुरळ पडावी असा हा माणूस होता, पण त्यांच्या त्या 'के गर्ने'नं माझं रक्त उकळायचं. मी वाढले ते पत्रकांच्या घरात. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्याकडं डाळीच्या डब्याखाली पत्रक, खिडकीच्या फटीत पत्रक, माझ्या पहिलीच्या पुस्तकाला कव्हरही पत्रकाचंच. त्यातलं एकही पत्रक 'काय करणार' म्हणून संपत नव्हतं. शेवटी काय करायचं ते ठळक अक्षरात सांगितलेलं असायचं आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. अशा घरातल्या मुलीच्या डोक्यावर पाणी आलं नाही तर के गर्ने, बिल वाढलं तर के गर्ने, खड्ड्यात पाय मुरगळला तर के गर्ने, असं कुणी दिवसभर आपटत राहिलं तर काय होईल?

"तात्या, या दोन शब्दांनी देश बुडाला," मी एकदा त्यांना म्हटलं.

"कुठला? त्यांचा का आपला?"

"दोन्ही!"

"मग बरूबर हाय," तात्या समाधानानं म्हणाले. "दोन्हीकडं चालतोय शबूद."

आल्यापासून दोनेक महिने तात्या कुणाशी धड बोललेच नव्हते. त्यांचं मराठी पन्नास वर्षांपूर्वीचं, खानापूरचं, आणि त्यात मधेच नेपाळी घुसायचं. लोक 'हं हं' करून निघून जात. गावाकडं भाऊ होते, पण तिथंही तात्या जेवायच्या वेळी उठून 'येतो' म्हणाले तर कुणी 'बसा' म्हणत नव्हतं. मग एक दिवस आमच्या पंपाची मोटर बिघडली. वॉचमन मोटरशी झटत होता. स्टार्टरनं त्याच्या बोटाला चटका दिला आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "थुक्क मोरा!"

तिसऱ्या मजल्यावरून तात्या टॉवेलवर खाली आले. लिफ्टची वाट न बघता. मी दारातच होते. मला वाटलं, आग लागली.

"कोन बोललं? आत्ता शिवी कुनी दिली?"

वॉचमन घाबरून उभा राहिला. तात्यांनी त्याचा चटका बसलेला हात धरला आणि नेपाळीत असे सुटले की नळ फुटावा. पुढं मला म्हणाले, "मोरा म्हंजी मेल्या. लय दिसानं शिवी आयकली बघ नानी. डोळ्यात पानीच आलं."

हा वॉचमन म्हणजे आमच्या इमारतीचा दुसरा पराक्रम. त्याचं नाव नारायण अधिकारी. अधिकारी हे तिकडचं साधं आडनाव. पण जाधवकाकांना ते सोसेना. "वॉचमन अधिकारी कसा असेल? लोक हसतील." म्हणून त्यांनी त्याचं नाव बहादूर ठेवलं. सगळे बहादूरच म्हणत. मी हट्टानं 'अधिकारीसाहेब' म्हणायचे, तर तो बिचारा मागं वळून साहेब कुठं आलेत ते बघायचा. नारायणची बायको कमला. ती चार घरची धुणीभांडी करायची. जिन्याखालच्या खोलीत दोघं राहायची. मुलं तिकडं डोंगरात आजीजवळ. म्हणजे बघा, ज्या इमारतीनं शिंद्यांचा गर्णे केला, तिनंच अधिकाऱ्यांचा बहादूर केला. दोघांनी आपापली खरी नावं एकमेकांना सांगितली ती परक्या भाषेत, पंपाच्या खोलीपाशी.

त्या दिवसापासून तात्यांची संध्याकाळ गेटवर जाऊ लागली. वॉचमनची एकुलती प्लास्टिकची खुर्ची होती. तात्या स्वतःचं स्टूल वरून घेऊन यायचे आणि नारायणला खुर्चीत बसवायचे. कमला भांडी घासून आली की पायरीवर बसायची. ती त्यांना 'दाइ' म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. ते तिला 'बहिनी', म्हणजे धाकटी बहीण. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "अहो, ती त्यांना दाई का म्हणते? बाळंतपणं करायचे की काय तिकडं?"

गप्पा काय चालायच्या? मी कान देऊन ऐकायचे. एकजण एक वाक्य बोलायचा. मग शांतता. मग दुसरा म्हणायचा, "के गर्ने." पहिला मान हलवून म्हणायचा, "के गर्ने." की परत शांतता. एवढ्यावर तास निघायचा आणि तिघंही पोट भरल्यासारखी उठायची.

तात्यांनी मला काठमांडूतली गल्ली सांगितली होती. वर भट्टी, खाली बिऱ्हाड. शेजारी बिहारचा न्हावी, पलीकडं काश्मीरचा शालवाला, समोर तिबेटी म्हातारी. सगळेच बाहेरचे. "परक्या गावात नातं हुडकाय लागत न्हाई नानी, आपसूक चिकटतंय," तात्या म्हणायचे. "आमची कारभारीन सुमन नेपाळी बोलाय लागली तर आख्ख्या गल्लीची दिदी झाली. आपली भाऊबीज ना, त्याच दिवशी त्यांची भाईटीका. गल्लीतल्या ज्याला बहीन न्हाई त्यो आमच्या दारात. न्हावी, शालवाला, समदी रांगंत. त्यो शालवाला नमाजी मानूस, पर त्यो बी याचा. म्हनायचा, दिदी, टिळा नगं, अक्रोड तेवढा फोड."

"अक्रोड कशाला?"

"यमाचं डोस्कं! बहीन भावाला बसवती, त्याच्याभवती तेलाची धार धरून फिरती. तेलाच्या आत यम येत न्हाई. मग उंबऱ्यावर अक्रोड ठिवून दगडानं फोडती. खाड्दिशी. यमाचं डोस्कं फुटलं, भाऊ वाचला."

श्रद्धा-अंधश्रद्धेवर माझ्या जिभेच्या टोकाला बरंच आलं होतं. पण तात्या त्या 'खाड्दिशी'ला लहान मुलासारखे हसले आणि मग खोकत बसले. मी पाणी आणायला गेले.

श्रावणात सोसायटीची नोटीस लागली. गेटला रिमोट आणि कॅमेरा बसवायचा, वॉचमन बंद करायचा, जिन्याखालच्या खोलीत दुचाकी लावायच्या. मी नोटीस वाचून वळले तर मागं तात्या उभे. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजी ती दोघं जानार?"

"जाणार नाहीत," मी म्हटलं. "मी बघते."

आणि मी पत्रक काढलं. 'रहिवाशांनो, जागे व्हा!!!' त्यात श्रम होता, शोषण होतं, स्थलांतरितांचा प्रश्न जागतिक पातळीवरून घेतला होता. प्रत्येक दाराखालून आत सरकवलं. पहिल्या मजल्यावरच्या पोरांनी त्याची विमानं केली. आमच्या घरी आईनं त्यावर शेंगदाणे पाखडले. तात्यांनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"लय कडक लिवलंयस. पर नानी, ही दोघं गेली तर मी कुनासंगं बोलू, हे न्हाई यात."

"ते कसं लिहायचं पत्रकात?"

"न्हाई लिवता येत?" त्यांनी पत्रकाची घडी घातली. "मग मीच बोलतो मीटिंगला."

तात्या बोलणार! पुढचे आठ दिवस त्यांची तालीम चालली होती. माझ्यासमोर, गॅलरीत, केर चाळता चाळता. "चेअरमनसाहेब, मंडळी, मी म्हातारा मानूस हाय..." इथवर आले की अडायचे. मी सुचवायचे, "हक्क म्हणा." ते म्हणायचे, "हक्क माजा कुठला? इनंती हाय." मी म्हणायचे, "विनंती कमजोर पडते." ते म्हणायचे, "मानूस कमजोर असला की तसंच पडतंय."

मीटिंग खालच्या पार्किंगमध्ये झाली. नारायण आणि कमला खांबाशेजारी उभी होती, कारण ज्यांच्याबद्दल मीटिंग होती त्यांना खुर्च्या नव्हत्या. ठराव वाचून झाला. मी उठले आणि पत्रकातलंच बोलले, जरा मोठ्यानं. जाधवकाका म्हणाले, "तुझ्या भावना पोचल्या. गर्णे, तुम्हाला काय बोलायचंय?"

तात्या उठले. धुतलेला पांढरा सदरा होता. "चेअरमनसाहेब, मंडळी..." म्हणाले. खांबाकडं बघितलं. कमला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आणि तात्या बोलू लागले ते नेपाळीतच. त्यांना कळलंच नाही. आठ दिवसांची मराठी तालीम गेली कुठच्या कुठं. मी त्यांना इतकं सलग, इतकं मोकळं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हात हलत होते, खोकलासुद्धा येत नव्हता. मला त्यातलं कळलं ते एवढंच : घर, पानी, भात, बहिनी. चारही शब्द आपल्याकडंही जवळपास तसेच आहेत. पण कुणी ऐकत होतं कुठं? मागच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "अरे, गर्णे मोदींच्या पण पुढं गेले, फॉरेन भाषण!"

खांबाशेजारी कमला रडत होती. नारायणनं हात जोडले आणि हळूच म्हणाला, "भो दाइ. के गर्ने."

'भो' म्हणजे पुरे, राहू दे. जाधवकाकांना ऐकू आलं ते शेवटचंच. "बघा, बहादूरपण सांगतोय, गर्णे, बसा. बरं गर्णे, मराठीत एका शब्दात सांगा, ठरावाला हरकत आहे का नाही?"

तात्या भानावर आले. त्यांनी सगळ्यांच्या हसऱ्या तोंडांकडं बघितलं. आपण कुठल्या भाषेत बोललो ते त्यांना तेव्हा उमगलं असावं. ते खाली बसत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "के गर्ने."

"हरकत नाही," जाधवकाका म्हणाले. "मंजूर."

मी भांडले. भांडून काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच हाती आलं की दोघांनी भाऊबीजेपर्यंत राहावं. ती मुदत तात्यांनी मागितली, वेगळ्यानं, जाधवकाकांच्या दारात जाऊन, आणि या वेळी मराठीत. नारायणनं गोव्याला एका हॉटेलात काम बघितलं.

दिवाळीच्या आधी तात्या आख्खा अक्रोड शोधत कऱ्हाडची पेठ फिरले. मीही बरोबर होते. सगळीकडं पाकिटातले सोललेले.

"फोडलेलेच न्या की काका," दुकानदार म्हणाला, "कुठं दगड घेऊन बसताय?"

"मला फोडायलाच पायजे."

"आणि खायला?"

"खायला नगं."

दुकानदारानं माझ्याकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. शेवटी एका जुन्या दुकानात मागच्या पोत्यातून दोन निघाले. तात्यांनी दोन्ही कानाशी नेऊन हलवून पाहिले, भट्टीवर नाणं वाजवून बघावं तसे.

भाऊबीजेच्या सकाळी कमलानं जिन्याखालची खोली धुऊन काढली. सामान बांधून झालं होतं, त्यामुळं जागा बरीच दिसत होती. तिकडं टिळा सात रंगांचा लागतो. तिनं रांगोळीच्या पुड्यांतले रंग घेतले. मोहरीचं तेल नव्हतं, शेंगतेल घेतलं. दूर्वा पंपाच्या खोलीमागून आणल्या. गळ्यातल्या माळेला तिकडं एक जांभळं गोंडेदार फूल लागतं, मखमली म्हणतात, वाळलं तरी रंग सोडत नाही. त्याचं रोप तिनं वर्षभर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून ठेवलं होतं. म्हणजे नोटीस लागायच्या कितीतरी आधीपासून.

तात्या पाटावर बसले. कमला दूर्वेनं तेलाची धार धरत त्यांच्याभोवती फिरली. उंबऱ्यावर अक्रोड ठेवला आणि दगड घातला. खाड्दिशी. इमारत दणाणली. वरून काकूंनी डोकावून विचारलं, "काय पडलं गं?"

"यम," तात्या म्हणाले.

टिळा झाला, माळ झाली. कमला हसत हसत मोडक्या मराठीत म्हणाली, "दाइ, माझी ओवाळणी?"

तात्या तेलाच्या वर्तुळाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता मलाच म्हणाले, "सुमननं आख्ख्या गल्लीभवती तेल वतलं गं नानी. दर साली. तिच्याभवती कुनी वतलं न्हाई. बाईसाठी ते नसतंयच. तापानं फनफनली हुती तवा समदे भाऊ आले, न्हावी, शालवाला, समदे. दारात रांग लागली. बागमतीच्या काठाला खांदा बी त्यांनीच दिला. पर तेल कुनी..."

मला खूप काही बोलता आलं असतं. यमसुद्धा बायकांना मोकळ्या पटांगणात गाठतो आणि आपण त्याला सण म्हणतो. पण बोलायची गरज पडली नाही. तात्या पाटावरून उठले. कमलाच्या हातातला तांब्या त्यांनी घेतला आणि म्हणाले, "बस."

कमला दचकली. "दाइ, हुँदैन! यस्तो हुँदैन!"

असं होत नाही, एवढं मलाही समजलं.

"हुतंय," तात्या मराठीत म्हणाले. "बस म्हन्तो ना."

ती बसली. तात्या कंबरेतून वाकले आणि खोकत, थांबत तिच्याभोवती तेलाची धार धरून फिरले. वर्तुळ वेडंवाकडं झालं, शेवटचं टोक जुळेना म्हणून त्यांनी बोटानं तेल ओढून जुळवलं. दुसरा अक्रोड खिशातून काढला. दोन कशाला घेतले होते ते मला तेव्हा कळलं. दगड त्यांना उचलेना, नारायणनं हात लावला. दोघांनी मिळून फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेली. स्टँडवर तात्या आले नाहीत. जिन्याखालची खोली त्यांनी स्वतः झाडली, केर भरला आणि आलेल्या कचरागाडीत तसाच टाकला.

"तात्या, आज बघायचं नाही?" गाडीवाल्यानं विचारलं.

"ह्यात काय न्हाई आता," ते म्हणाले. "हुतं ते गोव्याला गेलं."

आता गेट बटणावर उघडतं, कधी कधी उघडतही नाही. जिन्याखाली दुचाक्या लागतात. शहाबादी फरशीनं शेंगतेल पिऊन टाकलंय, त्यामुळं तिथं एक वाकडं वर्तुळ उमटलंय. साबण झाला, सोडा झाला, ते जात नाही. पहिल्याच आठवड्यात जाधवकाकांनी आपली स्कूटर नेमकी त्याच्यावर लावली. मी कॉलेजला निघाले होते. तात्या स्कूटरसमोर उभे.

"ही काडा हितनं."

"अहो गर्णे, डाग आहे तो तेलाचा."

"माजं नाव शिंदे हाय," तात्या म्हणाले. "हणमंत शिंदे. गाडी काडा."

जाधवकाकांनी स्कूटर काढली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाटलं, जिंकलो. दोन शब्दांनी बुडालेला एक माणूस तरी वर आला!

पुढं काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तात्या ते दोन शब्द म्हणतच नाहीत. पाणी आलं नाही, गप्प. लिफ्ट बंद, गप्प. मुलाचा फोन आला, गॅलरीचं विचारून ठेवला, तरी गप्प. संध्याकाळी स्टूल घेऊन खाली येतात, वर्तुळाच्या कडेला, आत पाय पडणार नाही असे बसतात, अंधार पडायच्या आत उठून जातात. मला वाटायचं की तो हात टेकल्याचा शब्द आहे. तो तर सवाल-जवाबाचा होता. एकानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं परत द्यायचा. इथं आता परत देणारं कुणी राहिलं नव्हतं.

काल कॉलेजातून आले. पुढच्या सत्राला माझ्या तासिका कमी केल्यात, ते डोक्यात होतं. तात्या स्टुलावर होते. मी जिन्याच्या पायरीवर बसले, कमला बसायची तशी. मग माझ्याच तोंडून निघालं, "के गर्णे, तात्या."

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"णे न्हवं गं नानी," ते म्हणाले. "ने. नळातला. परत म्हन."